मामाचा शब्द येईपर्यंत

एस्तेरेनं सकाळपासून अंगण दोनदा झाडलं. पहिल्यांदा माशांच्या खवल्यांसाठी, दुसऱ्यांदा भावासाठी. मातेयु येणार म्हटलं की तिचं असंच व्हायचं. एकाच आईच्या पोटचा, सख्खा मोठा भाऊ. पण या अंगणात खुर्चीवर बसला की तो भाऊ उरायचा नाही, दोन बहिणी, त्यांच्या लेकी आणि लेकींची लेकरं या सगळ्या गोताचा धनी व्हायचा. सरोवराकाठच्या या काफुंझी गावात लेकी घर सोडून जात नाहीत, जावई राहायला येतात. आणि लेकीचं काय करायचं ते तिचा नवरा ठरवत नाही, मामा ठरवतो.

जावई लामेकनं आंब्याखाली खुर्ची मांडली आणि तो परत आपल्या फाटक्या जाळ्यापाशी जाऊन बसला. ही बैठक त्यानंच मागितली होती. जावयानं बैठक मागायची तर त्याच्या बाजूचं कुणी वडीलधारं माणूस हवं. पण त्याचा भाऊ डेझाच्या डोंगरात, भुईमूग निघायचे दिवस. त्यानं निरोप धाडला होता, 'तूच बोल. फक्त आवाज खाली ठेव.' आवाज खाली ठेवायला लामेकला कुणी शिकवायला नको होतं. डोंगरातून या सरोवराच्या काठी आला तेव्हा त्याला होडीत नीट बसताही येत नव्हतं. सासुरवाडीत राहून तो मासे धरायला शिकला आणि गप्प राहायलाही.

त्याची बायको, एस्तेरेची लेक तामांडा भिंतीला टेकून चटईवर बसली होती. तिची चप्पल बाजूला पडली होती, कारण ती आता पायात जात नव्हती. घोट्यांवर सूज होती, बोटं टम्म फुगली होती. कालपासून डोकं ठणकत होतं. आईनं विचारलं तर ती म्हणाली होती, मासे भाजायच्या भट्टीचा धूर लागलाय.

मातेयु आला तो सायकल हातात धरून, सावकाश. बायकांनी गुडघे टेकले, ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवून त्याला नमस्कार केला. तामांडाही उठू लागली.

"तू बस," तो म्हणाला. "तुझं पोटच आधी पोचलंय माझ्यापर्यंत."

त्याची मोठी बहीण नासिबेको तोवर चटईवर येऊन बसली होती. ती त्याच्याहून वयानं मोठी. लहानपणी तिनंच त्याला पाठीला बांधून वाढवलेला. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. सरकारनं सुइणींना बाळंतपणं बंद केली तेव्हापासून तिचे हात रिकामे होते, जीभ मात्र नव्हती.

एस्तेरेनं सगळ्यांना मक्याचं गोड पेय, थोबवा, दिलं. मातेयुनं अर्धा पेला संपवला, मिशा पुसल्या आणि लामेककडे न बघता म्हणाला, "बोला. जावयाचं काय मागणं आहे म्हणे?"

लामेक पुढे येऊन जमिनीवर बसला. "मामा, तामांडाला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचंय. तिथं आवारातच बायकांना थांबायला घर आहे. दिवस भरेपर्यंत तिथं राहायचं आणि बाळंतपण तिथंच. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलंय. हिचं बीपी वाढलंय. आधीची दोन मेलेली जन्मली, म्हणून या वेळी हिला इथं ठेवूच नका म्हणाल्या."

एस्तेरेनं मान खाली घातली. ती दोन लेकरं, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यांना नाव नव्हतं. पुरायला गेल्या त्याही म्हाताऱ्या बायकाच; पुरुष त्या वाटेला जात नाहीत. आणि हा त्यांची मोजणी करत होता, सगळ्यांदेखत.

"बाई म्हणाल्या," नासिबेको म्हणाली. "त्या बाई कुठल्या ते ठाऊक आहे का? पलीकडच्या वाडीतल्या. त्यांच्या आईला मी बाळंत केलं. ज्या बाई मला आता शहाणपण सांगतात, त्यांना या हातांनी उलटं धरून थापट्या मारल्यात."

"मग अक्का, नीट मारल्या असणार," मातेयु म्हणाला. "शिकल्या ना."

नासिबेको हसली नाही. ती लामेककडे वळली. "जावईबापू, एक विचारू? मासळीच्या हंगामात तुम्ही बेटावर जाता. आठवडे न् आठवडे. तिथं मक्याच्या पिठाची न्सिमा कोण ढवळून देतं?"

प्रश्नाचा रोख सगळ्यांना कळला. लामेकलाही.

"मीच ढवळतो, मावशी. गुठळ्या होतात. पण मीच."

"आमच्यात म्हणतात, बाप बाहेर पाय घसरून पडला की पोटातलं लेकरू आतच कापलं जातं. हे माझं म्हणणं नाही. माझ्या आईची आई सांगायची. एक गेलं, समजू शकते. दोन?"

लामेकचे कान तापले. भावाचं सांगणं त्यानं मनातल्या मनात एकदा म्हटलं. मग तो म्हणाला, "मावशी, आरोग्यकेंद्रात आम्हा दोघांचं रक्त तपासलं. तसला काही रोग असला तरी मूल पोटात जातं म्हणाल्या बाई, म्हणून दोघांचं. काही निघालं नाही. बायकांच्या बाकावर बसलो होतो मी त्या दिवशी, सगळ्या पोटुशींच्या मध्ये. सगळं गाव हसलं."

"अजून हसतंय," एस्तेरे म्हणाली. पण तिच्या आवाजात टोचणी नव्हती. हा माणूस बाकावर बसला होता हे तिला मनातून बरं वाटलं होतं. तिचा स्वतःचा नवरा, देव त्याला शांत ठेवो, कधी आरोग्यकेंद्राच्या फाटकाआतही आला नव्हता. ती म्हणाली, "अक्का, तसं काही नसेल गं. हिला हिवतापही येऊन गेला होता पावसात. बाई म्हणाल्या, त्यानंही अंगातलं रक्त कमी होतं."

"मच्छरदाणी दिली होती ना बाईंनी?"

एस्तेरे पेले सारखे करू लागली.

"कुठाय?" नासिबेकोनं विचारलं.

"मासळीवर घातलीय. वाळत असली की माश्या बसतात."

"म्हणजे माश्यांपासून मासळी वाचली, डासांपासून लेक नाही," मातेयु म्हणाला. "छान. माझ्या घरीही तेच आहे. माझी बायको कोंबडीच्या पिल्लांवर घालते."

यावर मात्र सगळे हसले, आणि बैठकीतला ताण थोडा सैल झाला. मातेयुला हे जमायचं. एवढ्या मोठ्या गोताचं भांडण मिटवायचं तर आधी सगळ्यांना एकाच गोष्टीवर हसवावं लागतं, हे त्याला त्याच्या मामाकडून मिळालेलं होतं. त्याचा विचार साधारण ठरत आला होता. जावई खोटं बोलत नाही. अक्काला दुखवून चालणार नाही. आणि इस्पितळात पाठवायची तर सोबत कुणी बाई हवी. तिथं चूल आपली आपणच पेटवायची असते, धुणं आपणच. एस्तेरे गेली तर भट्टी बंद पडेल.

"लेकीला न्यायचं," तो म्हणाला. "जावयाचं म्हणणं रास्त आहे. पण न्यायचं ते रीतीनं. शनिवारी बाजाराचा ट्रक जातो, त्यात तिला झोपायला जागा करू. तोवर मी तिच्या बापाकडच्या माणसांना कळवतो, नाहीतर उद्या म्हणतील आम्हाला विचारलं नाही. एस्तेरे, तू तोवर पीठ दळून ठेव, सरपण बांध. अक्का, शनिवारपर्यंत तू हिच्याजवळ झोप. झालं?"

झालं होतं. एस्तेरेनं सुस्कारा सोडला. नासिबेकोला आपला मान राखल्यासारखं वाटलं. लामेकला शनिवार लांब वाटत होता, पण मामानं हो म्हटलं होतं, शब्द दिला होता. याहून जास्त ओढलं तर जाळं फाटतं. त्यानं मान झुकवून आभार मानले.

तामांडा हे सगळं ऐकत होती, पण जरा लांबून आल्यासारखं. तिचा एक हात सकाळपासून पोटावरून हलला नव्हता. थोबवा पिऊन झाल्यावर ती वाट बघत होती. गोड काही प्यायलं की आतलं जिवंत मासळीसारखं उसळायचं. लामेक हसून म्हणायचा, हे माझ्यावर गेलंय, खाण्याचा आवाज कळतो. पेला रिकामा होऊन बराच वेळ झाला होता. आंब्याची सावली चटईवरून सरकत चालली होती. तिनं पोटाला बोटानं हळूच ढोसलं. काही नाही.

पोटातल्याबद्दल चारचौघांत बोलू नये, कुणाची नजर लागेल, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बैठकीत ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्यानं मध्ये बोलू नये, हेही. मामा उठायला लागले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"मामा," ती म्हणाली. "मी बोलू का?"

मातेयु अर्धवट उठलेला तसाच थांबला. एस्तेरेनं लेकीकडे डोळे मोठे करून पाहिलं. तो परत बसला. "बोल."

"दुसऱ्या वेळचं ते सकाळी हलत होतं."

"पाणी गेलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तुम्ही मयताला गेला होता, पलीकडच्या काठाला. आई म्हणाली, मामांना येऊ दे, त्यांच्या शब्दाशिवाय घरातून कसं काढायचं तुला. मी म्हटलं, बरं. लामेक बेटावर होता. मी इथंच बसले होते, याच भिंतीला टेकून. ते बरगडीखाली लाथा मारत होतं. मी त्याला सांगत होते, थांब रे जरा, मामा येतील." ती क्षणभर थांबली, रडण्यासाठी नाही, श्वासासाठी. "दुपारी ते गप्प झालं. मला वाटलं झोपलं असेल. तुम्ही दिवस मावळताना आलात. तुम्ही सायकलही नीट उभी केली नाही, लगेच म्हणालात, न्या. तुम्ही उशीर केला नाही मामा. पण आम्ही निघालो तेव्हा माझ्या पोटात दगड होता. मला वाटेतच ठाऊक होतं. आरोग्यकेंद्रात त्या बाई ऐकायची नळी इकडून तिकडून लावून बघत होत्या आणि मला त्यांची कीव येत होती."

एस्तेरेनं अंगाला गुंडाळलेल्या चितेंज्याचा पदर तोंडाशी धरला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्या म्हणत होता ना, त्याबद्दल बोलू नकोस, पुढचं रुसेल." तिनं मामाकडे बघितलं. "आज सकाळपासून हे पण गप्प आहे. भल्या पहाटे हललं. नंतर एकदा, नुसतं कूस बदलल्यासारखं. थोबवा प्यायले तरी नाही."

लामेक उभा राहिला होता.

नासिबेको मात्र चटईवरून गुडघ्यांनीच पुढे सरकली. "सरळ हो," ती म्हणाली. तामांडा आडवी झाली. म्हातारीनं दोन्ही हात चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले, आधी वर, मग कुशीला, मग खाली. तिच्या हातांना पुष्कळ आठवत होतं. या लेकीचं पहिलं बाळंतपण याच हातांनी केलं होतं, पाठीमागच्या झोपडीत. कळा थांबत होत्या, परत येत होत्या, आणि ती म्हणत होती, पहिलटकरणीला वेळ लागतोच. डोकं बाहेर आलं तेव्हा त्याचा रंग बघून ती काही बोलली नव्हती. पुढे तिनं त्याचं कारण शोधलं ते जावयाच्या पायात. कुठंतरी शोधायलाच हवं होतं; नाहीतर ते तिच्या हातांपाशी येऊन थांबलं असतं.

तिनं पोट हलवलं, तिरक्या हातानं, जसं झोपलेल्या लेकराला हलवतात. वाट पाहिली. मग तामांडाच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"डोळ्यांपुढे काही चमकतं?"

"काजवे. सकाळपासून."

"आहे ते," नासिबेको म्हणाली. "खूप खोल, पण आहे. मला एकदा लागलं हाताला." मग भावाकडे वळून, त्याच शांत आवाजात, "मातेयु, शनिवार नाही. आत्ता."

"अक्का, तूच तर—"

"मी काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे. उठ."

तिनं त्याला धनी म्हटलं नाही. पाठीवर बांधून फिरवायची तेव्हा बोलायची तशी बोलली. आणि मातेयु उठला.

काठावर मासळीच्या व्यापाऱ्याची पिकअप भरत होती. मातेयुनं सायकल तशीच टाकली आणि चालत, मग चक्क पळत खाली गेला. त्याला पळताना गावानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. व्यापारी म्हणाला बर्फ वितळेल. मातेयु म्हणाला, वितळू दे. परतला तो पिकअपच्या पायरीवर उभा राहून.

खोक्यांवर चटया टाकल्या. एस्तेरे आत जाऊन कपडे बांधू लागली तर नासिबेकोनं तिच्या हातून गाठोडं घेतलं. "मी जाते."

"लेक माझी आहे, अक्का."

"म्हणूनच. तू तिच्या तोंडाकडे बघत रडशील आणि न्सिमा करपेल. भट्टी बघ. आणि ती मच्छरदाणी मासळीवरून काढून धू. परत आल्यावर लागेल."

परत आल्यावर, असं ती म्हणाली. एस्तेरेनं तो शब्द धरून ठेवला. लामेक मागे चढून तामांडाचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि गाडी निघाली.

अंगण एकदम मोठं दिसू लागलं. पेले तिथंच पडले होते. मातेयु खुर्चीवर न बसता चटईच्या कडेला, बहिणीशेजारी बसला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"की सकाळी ते जिवंत होतं. मला वाटलं, तसंच होतं पहिल्यापासून. मी मयताच्या घरी जेवायला थांबलो होतो, एस्तेरे. लोकांनी आग्रह केला. मांस होतं."

"तुला कोण सांगणार? बायकांच्या गोष्टी पुरुषांना सांगत नाहीत."

"न सांगता ठरवायला मात्र सांगतात."

एस्तेरे पेले गोळा करू लागली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी तिला घेऊन निघू शकले असते, दादा. शेजाऱ्याची बैलगाडी होती. मी भ्याले. म्हटलं, वाटेत काही झालं तर लोक म्हणतील भावाला न विचारता नेली."

"लोक म्हणाले असते."

"हो."

"मीही म्हणालो असतो," मातेयु म्हणाला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "यापुढे माझी वाट बघायची नाही. तुझ्या लेकीसाठी नाही, अक्काच्या लेकींसाठी नाही. पोटुशी बाईला न्यायचं असेल तर न्यायचं. वाटेत भेटलो तर सांगा, नाही भेटलो तर नका सांगू."

"आणि तुझा मान?"

"लग्नांत ठेवा, मयतांत ठेवा. तेवढा पुष्कळ झाला."

दोघं तिथंच बसून राहिली. एस्तेरेला भट्टीत लाकूड घालायचं होतं. तिला उठवेना.

इस्पितळात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. लामेकला दारातच थांबवलं. आत नर्सनं तामांडाच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, दुसऱ्या नर्सला हाक मारली. मग लाकडी नळी पोटाला लावून कान टेकला. नासिबेको भिंतीशी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एका बाळंतिणीच्या खोलीत होती आणि तिच्या हातांना काम नव्हतं.

नर्सनं नळी एका जागी बराच वेळ धरली. "आहे," ती म्हणाली. "मंद आहे. पण आहे."

नासिबेकोनं भिंतीला हात टेकला.

डॉक्टर आले. तरुण होते, दमलेले होते. बीपी फार चढलंय, म्हणाले. झटके येऊ शकतात. आधी औषध देऊ. मूल दिवसांआधीचं आहे, लहान निघेल, पण आत ठेवणं धोक्याचं. ऑपरेशन करावं लागेल. चालेल ना?

"तिच्या मामाला विचारायला—" नासिबेकोच्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. ती लगेच थांबली. डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हतेच. ते वाकून तामांडाला विचारत होते.

तामांडानं मावशीकडे पाहिलं. म्हातारीनं नजर दुसरीकडे वळवली नाही.

"करा," तामांडा म्हणाली.

लामेक बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. आवारात बायका चुली पेटवत होत्या. एकीनं त्याला विचारलं, कोण आहे आत, बहीण का? बायको, तो म्हणाला, तेव्हा तिनं बाकीच्यांना सांगितलं आणि त्या जरा बाजूला होऊन बोलू लागल्या. इथं पुरुष थांबत नसत. त्याला ते कळत होतं आणि तो थांबला होता. दुसऱ्या वेळी तो बेटावर होता. होडीवाल्यानं हसत विचारलं होतं, मुलगा की मुलगी? होडीवाल्यालाही माहीत नव्हतं. घरी पोचला तर अंगणात मासे वाळत होते आणि तामांडा भट्टीपाशी बसून लाकडं सारत होती. कुणीच काही सांगितलं नाही. त्यालाच तिच्या सपाट पोटाकडे बघून समजून घ्यावं लागलं होतं.

दिवेलागणीला नासिबेको बाहेर आली. तिची चाल सावकाश होती. तो उठला नाही.

"मुलगी," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "बोटभर आहे. आधी रडली नाही. त्यांनी नाकातोंडातलं ओढून काढलं, फुगा दाबून हवा दिली. मग रडली. मांजरासारखी. मी ऐकलं."

"तामांडा?"

"झोपलीय. बीपी उतरतंय."

लामेकनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. नासिबेको बाजूला बसून राहिली. तिला त्याला काही सांगायचं होतं. न्सिमा कोण ढवळतं या प्रश्नाबद्दल. वय झालेल्या बाईनं जावयासमोर ते कसं म्हणायचं याची रीत कुणी घालून दिलेली नव्हती.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तू ढवळू नकोस," ती म्हणाली आणि पिठाचं गाठोडं सोडायला उठली. "गुठळ्या होतात म्हणालास ना."

तो हसला की रडला ते त्या उजेडात दिसलं नाही. पण त्यानं तिच्यासाठी पाणी आणून दिलं, आणि त्या दिवसापासून नासिबेकोनं त्याला जावईबापू म्हणणं सोडलं. ती त्याला नावानं हाक मारू लागली, पोराला मारावी तशी.

पुढचे दिवस सोपे नव्हते. मुलगी छातीशी बांधून ठेवायची होती, कातडीला कातडी लावून, आळीपाळीनं. आधी मावशी, मग तामांडाला बसता येऊ लागल्यावर तामांडा, आणि नर्सनं सांगितल्यावर लामेकही, उघड्या छातीवर, वर चितेंजे गुंडाळून. शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, डोंगराखालच्या गावची. तिला आणलं तेव्हाच उशीर झालेला होता. तिचं लेकरू कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं आणि तिची सासू म्हणत होती, बघू नकोस, बोलू नकोस, पुढचं रुसेल.

नासिबेकोनं ते ऐकलं. मग ती त्या खाटेपाशी गेली. सासूशी ओळख काढली, गाव विचारलं, कुणाची कोण ते विचारलं. आणि मग सहज म्हणाली, "बघू द्या तिला. आमच्या लेकीनं दोन वेळा बघितलं नाही. तिचं काही चांगलं झालं नाही त्यानं." सासू काय म्हणते याची वाट न बघता तिनं ते गाठोडं उचललं आणि पोरीच्या हातांत दिलं. पोरीनं कापड बाजूला केलं, बराच वेळ बघितलं. "माझ्या बापासारखं कपाळ आहे," ती म्हणाली. नासिबेको म्हणाली, "हो का? सांग बघू, कसा होता तुझा बाप."

तामांडा आपल्या खाटेवरून बघत होती. तिच्या छातीवरचा जीव श्वास घेत होता, भरभर, मध्येच थांबून परत. तो थांबला की तीही थांबायची.

मातेयु आणि एस्तेरे बाजाराच्या ट्रकनं आले. एस्तेरेनं धुतलेली मच्छरदाणी घडी घालून आणली होती, तिला अजून थोडा मासळीचा वास होता. ती आत आली ती सरळ लेकीपाशी गेली आणि पायांकडे बघू लागली, सूज गेली का ते. मातेयु दारातच घुटमळला. मोठ्या गोताचा धनी, त्याच्यासमोर बायका गुडघे टेकतात; इथं सगळ्या बायका आपापल्या खाटांवर आडव्या होत्या आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. त्यानं टोपी काढली.

"या ना, मामा," तामांडा म्हणाली.

तो आला. खाटेशेजारी खुर्ची नव्हती, म्हणून उकिडवा बसला. चितेंज्याच्या घडीतून एवढंसं डोकं दिसत होतं, मुठीएवढं, वर काळी लव. त्यानं पुष्कळ वेळ काही विचारलं नाही. नाव कुणी ठेवायचं, कधी ठेवायचं, घरी कधी न्यायचं, बापाकडच्यांना कळवलं का. हे सगळं तोच ठरवायचा. एस्तेरेही त्याच्याकडे बघत होती, तो काय म्हणतो म्हणून.

"घेऊ का?" त्यानं विचारलं.

तामांडानं त्याच्या हातांकडे पाहिलं. ट्रकच्या कडेला धरून आलेले हात, त्यांवर रस्त्याची तांबडी धूळ.

"आधी हात धुऊन या, मामा. साबणानं. बाहेर नळ आहे."

एस्तेरेनं लेकीचा हात दाबला. लामेक खाली बघू लागला. मातेयुनं स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले.

"साबण कुठंय?" तो म्हणाला, आणि अक्कानं पुढे केलेली वडी घेऊन बाहेर नळाकडे गेला.